माझ्या मापाची

आईच्या लोखंडी कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा देण्याघेण्याचा. तो उघडला की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मग एकेक खोकं दिसायला लागतं, लेमन सेट, वाट्यांचा सेट, एक कॅसरोल, भिंतीवरची दोन घड्याळं, पिशवीतून अजून बाहेरच न आलेल्या चार-पाच साड्या आणि ब्लाउजपीसांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. प्रत्येक खोक्यात आईने एक चिठ्ठी घातलेली असते, कुणाकडून आलं आणि कधी आलं, म्हणजे धाकट्या आत्याकडून आलेला सेट चुकून धाकट्या आत्याच्याच घरी जायला नको. असा कप्पा आमच्याकडेच आहे असं नाही, तुमच्याकडेही असेल. आमच्या सोलापुरात नवी पेठेत साडीच्या दुकानात जाऊन नुसतं 'देण्याघेण्यातल्या दाखवा' म्हणा, दुकानदार वेगळाच गठ्ठा काढतो, पुढे एक शब्द विचारत नाही.

यंदा नाताळच्या आधी घर आवरायचं म्हणून मी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आईकडे गेले आणि तो कप्पा पूर्ण रिकामा केला. एका घड्याळाच्या खोक्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक आईच्या अक्षरातली. दुसरी कुणा वेगळ्याच बाईच्या अक्षरातली, निळ्या शाईत, 'वन्संकडून, बारशाला'. म्हणजे ते घड्याळ आमच्याकडे यायच्या आधी अजून एका कपाटात अशाच खालच्या कप्प्यात पडून होतं, तिथल्या बाईनेही हिशोबाला चिठ्ठी घातली होती आणि आम्हाला देताना ती काढायची राहून गेली. मला त्या बाईचा राग अजिबात आला नाही. मी ते घड्याळ हातात घेऊन फरशीवर बसले आणि मनात आलं, हे कुणाचंच झालं नाही. सेल घालून एकदा टिकटिक करायचीसुद्धा संधी मिळाली नाही बिचाऱ्याला.

मग उरलेली दुपार मी एकच विचार करत होते की या कप्प्यात कधीच न आलेल्या भेटी कुठल्या. चाळीस नाताळ झाले माझे, म्हणजे चाळीस वर्षं कुणी ना कुणी काही ना काही दिलंच आहे, त्यातलं किती आठवतंय? बोटावर मोजण्याइतकं. आणि जे आठवतंय ते सगळंच्या सगळं असं आहे की पुढे कुणाला देताच आलं नसतं. मनात आणलं असतं तरी आलं नसतं. दुसऱ्या कुणाला ते बसलंच नसतं.

त्यातली पहिली गोष्ट सांगते, ती जरा मोठी आहे.

मी चौथीत होते. नव्वदचं दशक, सोलापुरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि पप्पांची गिरणीही त्यात गेली. आम्ही तिघं भावंडं, दादा, मी आणि धाकटा. आई एका बालवाडीत शिकवायची, तिच्या पगारावर घर चाललं होतं. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंब होतं, घरात तेलुगू बोलायचे आणि आमच्याशी मराठी, सोलापुरात पूर्व भागात हे काही नवीन नाही. मामा यंत्रमागावर चादरी विणायचे, म्हणून आम्ही पोरं त्यांना चादरमामा म्हणायचो. अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, पान कापायचं, तंबाखू घालायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तिची बोटं चालूच, तोंडाने आमच्याशी गप्पा.

सोलापूरची थंडी म्हटलं की बाहेरचे लोक हसतात, उन्हाळ्यात इथं पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो म्हणून. पण पत्र्याच्या घरात, शहाबादी फरशीवर, डिसेंबरातली पहाट काय असते ते तिथं झोपलेल्यालाच माहीत. आम्हा तिघांत एक चादर होती. दादा एका कडेला, धाकटा एका कडेला, मी मध्ये. तुम्हाला वाटेल मध्ये असलेल्याला जास्त ऊब. तसं नसतं. दोन्हीकडून ओढाओढी झाली की मधल्याच्या अंगावर ताणलेला तंबू होतो आणि खालून गार वारा शिरतो, शिवाय पाय कायम उघडे, कारण लांबी आडवी घेतलेली. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं त्यात काय आहे असंच वाटायचं, सगळ्यांचेच पाय गार पडत असणार.

त्याच डिसेंबरात एका संस्थेने गिरणी कामगारांच्या मुलांना स्वेटर वाटले. संस्थेचं नाव सांगत नाही, आणि त्यांचा हेतू वाईट होता असंही मला म्हणायचं नाही. आम्हाला स्टेजवर रांगेत उभं केलं. सगळे स्वेटर एकाच मापाचे, मरून रंगाचे. माझा गुडघ्यापर्यंत आला, बाह्यांतून हातच बाहेर येईनात, दादाला तोच स्वेटर काखेत घट्ट. मग म्हणाले हात वर करा, फोटो काढायचाय. मी हात वर केले तर बाह्या लोंबत होत्या नुसत्या. पप्पा हॉलच्या मागच्या बाजूला उभे होते. मी स्टेजवरून त्यांना शोधलं, तर ते खांबाच्या मागे सरकलेले, फक्त खांदा दिसत होता.

स्वेटर गरम होता, खोटं कशाला बोलू. पण आमच्या तिघांपैकी कुणीच तो आपणहून घातला नाही, आई म्हणाली तरच घालायचो.

आता २५ तारखेची संध्याकाळ. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, सगळा फराळ दिवाळीसारखाच असतो. त्या वर्षी आईने निम्मंच केलं होतं पण वाड्यात ताटं गेलीच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. चर्चमधली सकाळची भक्ती आटोपून आलो की क्रोशाच्या रुमालाने झाकलेली ताटं घेऊन दारोदार जायचं काम माझं. आणि रिकामं ताट कुणी परत पाठवत नाही. कुणी चिमूटभर साखर घालतं, कुणी मूठभर गहू, कुणी एक नारळ. अक्काकडून कायम साखर यायची.

त्या दिवशी रात्री आठ वाजता चादरमामा स्वतः ताट घेऊन आले. ताटात साखर होती. आणि काखेत तेलुगू पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, वर मागावरचंच सूत बांधलेलं. ते त्यांनी आईला दिलं नाही, पप्पांना दिलं नाही, मला दिलं. म्हणाले, "घे की पोरी. भीम संपत आला होता, वाया जातंय म्हणून."

आत चादर होती. मोरपंखी आणि पिवळी. आणि ती लहान होती. सोलापुरी चादर तुम्ही पाहिली असेल, तिला आता भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, दोन्ही टोकांना काठ, मध्ये नक्षी, आणि उलटी केली की तीच नक्षी रंग बदलून दिसते, वर मोरपंखी फूल असेल तर खाली पिवळं. ही अगदी तशीच होती, फक्त आखूड. मी ती तिथेच फरशीवर अंथरून तिच्यावर झोपले. डोक्यापासून टाचेपर्यंत आणि वर अजून दोन वीत.

मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी मी अक्काच्या ओट्यावर आडवी पडले होते, तिने विडीचा दोरा माझ्या डोक्याशी धरला आणि टाचेपर्यंत ओढत नेला. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली वाढतेस का नाही बघायलेय. दोरा तोडून तिने सुपाच्या कडेला गुंडाळून ठेवला होता.

मामांच्या त्या 'वाया जातंय म्हणून'चा अर्थ मला फार उशिरा कळला, कॉलेजात असताना, एका मैत्रिणीच्या वडिलांच्या कारखान्यात गेले होते तेव्हा. मागावर भीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवलेला असतो, त्याच्यावरचा ताणा, म्हणजे ते उभे धागे, संपत येतो तेव्हा शेवटी जेवढा उरतो त्यात अख्खी चादर बसत नाही, बाजारातली चादर साधारण ६० बाय ९० इंचाची. तो तुकडा मग तसाच निघतो, एकीकडे काठ असतो, दुसरीकडे नुसता कापलेला. माझ्या चादरीला दोन्ही बाजूला काठ आहेत. म्हणजे शेवटची पूर्ण चादर विणायच्या आधीच मामांनी हिशोब केला असणार, ताणा किती राहील, मधली नक्षी किती वेळा घ्यायची, नक्षी पाडणारी जकार्डची पुठ्ठ्यांची माळ कुठे थांबवून काठावर आणायची. मालकाला विचारलं असणार. आणि तो अक्काचा दोरा मागापाशी नेला असणार. मैत्रिणीचे वडील काहीतरी समजावून सांगत होते आणि मी त्या खटखट आवाजात उभी राहून रडत होते, त्यांना वाटलं धूळ गेली डोळ्यात.

ती तुकडा नव्हती. हेच मला सांगायचंय. उरलेल्यातून काढून दिलेली होती तरी ती पूर्ण होती, लहान माणसाची पूर्ण चादर.

त्या रात्री दादाने साहजिकच ओढायचा प्रयत्न केला. पण ती त्याच्या पोटरीपर्यंतच यायची, मग त्याने नाद सोडला आणि मोठी चादर त्या दोघांत पुरायला लागली. म्हणजे एका भेटीत तिघांची सोय झाली, हेही मामांनी धरलं होतं का मला माहीत नाही, अक्काने नक्की धरलं असेल. मी दोन चुलत बहिणींचे फ्रॉक घालून मोठी झाले, दादाच्या पाटीवर शिकले. जगात एक वस्तू अशी आहे जी फक्त माझ्या लांबीची आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. आणि त्या वरच्या दोन वितींमुळे ती मला नववीपर्यंत पुरली. पुढच्या पाच वर्षांत मी केवढी होणार तेही त्यांनी मोजून घेतलं होतं.

लहानपणी नाताळच्या नाटकात मी एकदा मागी झाले होते, मागी म्हणजे पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले ज्ञानी लोक. मत्तयच्या शुभवर्तमानात ते सोनं, ऊद आणि गंधरस आणतात. ते तीन होते असं आपण धरून चालतो, बायबलात आकडा नाही. मी तालमीत आईला विचारलं होतं की बाळाला गंधरस कशाला, दुपटं का नाही आणलं कुणी. आई पीठ मळत होती, म्हणाली, "अगं पुढच्याच ओळीत वाच की. हेरोद राजा बाळाला मारायला उठला आणि त्यांना रातोरात मिसरला पळावं लागलं. योसेफ सुताराकडे भाडं कुठनं आलं असतं?" मला तेव्हापासून ती गोष्ट वेगळीच दिसते. त्या लोकांनी काय मोजलं होतं मला माहीत नाही पण आईने मोजलं, त्या गरीब कुटुंबाला दोन दिवसांनी काय लागणार आहे ते.

आणि आपण ज्याला सांताक्लॉज म्हणतो त्या संत निकोलसची गोष्ट. तो चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप होता, आजच्या तुर्कस्तानात. गोष्ट अशी सांगतात की एका माणसाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नव्हते, तर निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, एकेका मुलीसाठी एकेक. आता लाल डगला, रेनडिअर वगैरे जे काय आहे ते असू दे, मला यातली फक्त रात्र महत्त्वाची वाटते. त्याने त्या बापाला स्टेजवर बोलावलं नाही. पप्पांचा तो खांबामागचा खांदा मी पाहिलाय, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला कायम तो बाप दिसतो, थैली उचलताना आजूबाजूला कुणी नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा.

भेटवस्तूंवर अभ्यासही झालेत. जोएल वाल्डफोगेल नावाचे एक अमेरिकन अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं की नाताळला मिळालेल्या वस्तू देणाऱ्याला केवढ्याला पडल्या असतील आणि तुम्हाला त्या केवढ्याच्या वाटतात, आणि त्यातून असं निघालं की भेटीच्या किमतीतला दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत पैसा वाया जातो. आईचा खालचा कप्पा आठवा, पटायला वेळ लागत नाही. पण त्या प्रश्नात एक अट होती, भावनेची किंमत बाजूला ठेवून सांगा. तिथे मी अडते. माझ्या चादरीतून भावना बाजूला काढायची कशी, उभे धागे काढून आडवे ठेवायचे का? ताणा काढला तर बाणा कशात राहील? आणखी एक अभ्यास २०१६ चा आहे, त्यात म्हटलंय की देणारा खोकं उघडायच्या क्षणाचा विचार करतो आणि घेणारा पुढे ती वस्तू वापरायच्या दिवसांचा. हे मला शंभर टक्के पटलं. मी स्वतः किती वेळा समोरच्याचा चेहरा खुलावा म्हणून चकचकीत काहीतरी घेतलंय, त्या एका मिनिटासाठी.

आता ऑफिसातली गोष्ट. आमच्या ऑफिसात आम्ही चौदा जण, दरवर्षी डिसेंबरात सिक्रेट सांता करतो, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची, बजेट तीनशे रुपये. काय येतं तर कॉफीचे मग येतात, फोटोफ्रेम येतात, सुगंधी मेणबत्त्या येतात, आणि त्या थेट आपापल्या घरच्या खालच्या कप्प्यात जातात. तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलवर एक एवढंसं पाकीट होतं, पोस्टकार्डाएवढं. हाताला मऊ लागलं. उघडलं तर आत पांढऱ्या रबराचं एक वायसर. डब्याच्या झाकणाचं.

माझा स्टीलचा डबा, जुना, झाकणाचं वायसर सैल झालेलं, त्यातनं वरण गळायचं. मी रोज त्याला प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड लावून आणायचे, तरी पर्सच्या तळाला हळदीचा डाग पडलाच होता. दोन वर्षं असंच चाललं होतं. नवीन डबा घ्यायला पैसे नव्हते असं नाही, पण वायसरसाठी बाजारात कोण जाणार, जाऊ दे, चालतंय की. आपल्या बाबतीत आपण असंच करतो, मुलाची वॉटरबॅग गळली तर त्याच दिवशी संध्याकाळी नवीन येते.

वायसर बसलं. फटकन. झाकण लावताना हवा दाबली जाऊन जो बारीक आवाज येतो ना, तो मी दोन वर्षांनी ऐकला. त्या दिवशी मी झाकण सात-आठ वेळा उघडलं आणि लावलं असेल.

नंतर कळलं, ते आमच्या शिपाईमामांनी आणलं होतं. एक दिवस मी जेवून उठल्यावर डबा घासून ठेवला होता, तेवढ्यात त्यांनी झाकण उचललं, सायकलवर मधला मारुतीच्या बाजारापर्यंत गेले, भांड्यांच्या दोन दुकानांत झाकण दाखवून मापाचं वायसर शोधलं आणि झाकण परत आणून ठेवलं, मला पत्ता नाही. वायसर वीस रुपयांचं. उरलेल्या पैशांचं त्यांनी शेंगाचटणीचं एक पाकीट आणलं होतं, ते वेगळं दिलं, म्हणाले बजेट पूर्ण नको का करायला. चटणी चार दिवसांत संपली. वायसर अजून आहे. माझ्या डब्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही डब्याला ते बसणार नाही.

हे सगळं कळत असूनही मी आईच्या बाबतीत चुकले. पगार चांगला झाला त्या वर्षी मी तिच्यासाठी एक भारी शाल घेतली, किंमत सांगत नाही, पण आईच्या एका महिन्याच्या पेन्शनहून जास्त. आईने ती गालाला लावून बघितली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, सगळ्या बायकांना दाखवली. आणि घडी करून, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवली. ती ठेवणीत गेली. चर्चला जातानासुद्धा निघत नाही, मेणबत्तीचा मेण सांडेल म्हणे. वरचा कप्पा आणि खालचा कप्पा, दोन्हीकडची वस्तू वापरात येत नाहीच. मी आईच्या आनंदाचं माप घेतलं होतं, तिच्या जीवाला काय झेपेल त्याचं घेतलं नव्हतं. महाग वस्तू अंगावर घेऊन वावरायची सवयच ज्या बाईला आयुष्याने लागू दिली नाही तिच्या खांद्याला ती शाल जड होते, हे मला कळायला हवं होतं, मी तिची मुलगी आहे.

कळलं ते माझ्या मुलाला. सातवीत होता तेव्हा. त्याच्या लक्षात आलं की आजी चर्चमध्ये 'उपासना संगीत'चं पुस्तक उघडते पण पान बघत नाही. आजीला गाणी पाठ आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला पहिलं कडवं पाठ असायचं, दुसऱ्यापासून ती नुसते ओठ हलवायची, मधूनच एखादा शब्द पकडायची. चष्म्याचा नंबर वाढला होता आणि त्या पुस्तकातली अक्षरं बारीक. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यासारख्या बाईला, जिने बालवाडीच्या पोरांना चाळीस वर्षं गाणी शिकवली, तिला हे सांगणं सोपं नाही.

त्याने चित्रकलेची मोठी वही घेतली आणि काळ्या स्केचपेनने एका पानावर एक कडवं असं लिहीत गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं, नाताळची गाणी, तिची आवडती सगळी. अक्षर बोटाएवढं. तीन आठवडे दार लावून लिहायचा, मी समजत होते प्रोजेक्ट चाललाय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर, एका ठिकाणी ओळच राहिली म्हणून बाण काढून कडेला घातलेली.

२५ तारखेला सकाळी आईने ती वही उघडली आणि आधी काहीच बोलली नाही. पान उलटलं, अजून एक उलटलं. मग चष्मा काढून ठेवला आणि चष्म्याशिवाय वाचून बघितलं. वाचता आलं. त्याला जवळ ओढून तिने फक्त एवढंच विचारलं, "तुला कसं रे कळलं?"

त्या दिवशी भक्तीला ती वही घेऊन गेली. चित्रकलेची वही, तिच्या मांडीवर मावत नव्हती, शेजारच्या बाईच्या मांडीवर अर्धी गेली. आणि दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज मला चार बाकं मागे ऐकू आला, पेटीच्याही वर.

वहीची पानं आता कोपऱ्याला मऊ झालीत. एका पानावर मेण सांडलंय. त्याचं तिला काही वाटत नाही.

यंदा त्या रविवारी कप्पा आवरून झाल्यावर मी माझी चादर बाहेर काढली. ती आईकडेच असते, पेटीत. मोरपंखी रंग विटलाय, पिवळा अजून आहे. माझ्या भाचीची मुलगी आता पाच वर्षांची आहे, तर आई म्हणाली, तिला दे की, तिच्या मापाची होईल. मी चादर धरून बसले थोडा वेळ. मग म्हटलं, नाही आई. ही तिच्या मापाची नाही, ही माझ्या चौथीपासून नववीपर्यंतच्या मापाची आहे, तिची वेगळी पाहिजे.

चादरमामा आता नाहीत. अक्का आहे, मुलाकडे विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, विड्या सुटल्या, बोटं मात्र अजून मांडीवर हलत असतात. मी भाचीच्या मुलीला दारापाशी उभं करून सुतळीने मापून घेतलं, दोन वीत वर धरून, आणि ती सुतळी घेऊन अक्काकडे गेले. तिचा मुलगा एका कारखान्यात मागावर आहे. तो म्हणाला, "ताई, असं एकेक कोण विणतंय आता. पण भीम संपताना बघतो." अक्काने सुतळी हातात घेतली, बोटांत फिरवली आणि त्याच्याकडे तेलुगूत काहीतरी बोलली. मला कळलं नाही. त्याने मान खाली घालून हो म्हटलं आणि सुतळी खिशात ठेवली.

काल दुपारी त्याचा फोन आला. मागाचा आवाज इतका होता की तो ओरडूनच बोलत होता. परवा भीम संपतोय, रंग कुठला घालू, लवकर सांगा, त्या रंगाच्या सुताच्या कांड्या भरून घ्यायला लागतील.

मी पटकन गुलाबी म्हणणार होते. पाच वर्षांची मुलगी, गुलाबीच आवडत असणार. तोंडापर्यंत आलेलं थांबवलं. म्हटलं, सकाळी सांगितलं तर चालेल का? तो म्हणाला चालतंय की. मग मी ऑफिसातनं अर्धा तास आधी निघाले आणि सात रस्ता चौकात वळून थेट भाचीच्या घरी गेले. ती पोरगी फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती, खडूंचा डबा शेजारी सांडलेला. मी पर्स बाजूला ठेवली आणि तिच्याशेजारी खाली बसले. काही विचारलं नाही. कुठला खडू सगळ्यात झिजलाय ते बघत होते.